साधने एका जागी, वापर सर्व विद्यापीठांचा : आयुकाचे ग्रंथालय, संगणक आणि जाळे

खगोलशास्त्राला दुर्बीण लागते, हे कोणाला सांगावे लागत नाही. १९८० च्या दशकात आपल्या विद्यापीठांतून या विषयाचे काम करणाऱ्या माणसाला मात्र दुर्बिणीच्या कितीतरी आधीच्या गोष्टींची चणचण होती. संशोधनाची नियतकालिके परदेशी, वर्गणी परकीय चलनात. अनुदान उशिरा आले की वर्गणी खंडित होई आणि ग्रंथालयाच्या कपाटात एखाद्या वर्षाचे खंड कायमचे गायब राहत. जे अंक येत ते बहुधा जहाजाने, काही महिने शिळे होऊन. याहून मोठी अडचण सहसा डोळ्यांना दिसत नसे. जगातल्या नामांकित संस्था आपले शोधनिबंध छापून येण्याआधीच त्यांच्या प्रती एकमेकींना टपालाने धाडत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी त्या येत. जिल्ह्याच्या गावच्या विद्यापीठात कोण पाठवणार? तिथल्या प्राध्यापकाच्या हाती निबंध पडेपर्यंत त्यावरची चर्चा कधीच पुढे गेलेली असे. हुशारीत तो कमी नव्हता, त्याला बातमीच उशिरा कळत होती.

संगणकाचेही तेच. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली आयबीएम १६२० आला, टाटा संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० आला. टाटा संस्थेतले यंत्र बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येई. पंच केलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन माणसे मुंबई गाठत, गणिताची पाळी येण्याची वाट पाहत, आणि एका कार्डात चूक निघाली की ते बदलून पुन्हा रांगेत उभी राहत. पुढे वीस वर्षांनीही बहुतेक विद्यापीठांच्या पदार्थविज्ञान विभागांत मोठे गणित करण्याजोगे यंत्र नव्हते.

प्रत्येक विद्यापीठाला सगळे द्यायचे तर पैसा पुरणार नाही, आणि एकालाच दिले तर बाकीचे कोरडे राहणार. या पेचातून विद्यापीठ अनुदान आयोगाने आंतरविद्यापीठीय केंद्रांची वाट काढली. महागडे साधन एका ठिकाणी उभारायचे, पण ते कुठल्याही एका विद्यापीठाचे नसेल. देशातल्या कुठल्याही विद्यापीठाचा शिक्षक तिथे हक्काने येऊन काम करील आणि आपल्या विद्यार्थ्यांकडे परत जाईल. या धर्तीचे पहिले केंद्र १९८४ साली दिल्लीत निघाले, अणुविज्ञानाच्या त्वरणयंत्रासाठी. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी खगोलशास्त्रासाठी असेच केंद्र काढायचे ठरवले आणि ती जबाबदारी डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे सोपवली. केंब्रिजहून परतल्यावर १९७२ पासून नारळीकर टाटा संस्थेत होते. डॉ. नरेश दधिच आणि डॉ. अजित केंभावी यांना बरोबर घेऊन त्यांनी केंद्राची आखणी केली.

पुणे निवडण्यामागे सरळ हिशेब होता. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहत होती, आणि ती बांधणारे टाटा संस्थेचे रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात येणार होते. त्याच आवारात, गणेशखिंडीत, खगोलशास्त्राच्या या नव्या आंतरविद्यापीठीय केंद्राला, म्हणजे आयुकाला, जागा मिळाली. १९८८ साली, आयुका स्थापन झाली त्याच वर्षी, प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे आपले सी-डॅक, याच परिसरात सुरू झाले आणि १९९१ साली त्यांनी ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. एका विद्यापीठाच्या कुंपणात दहा-पाच मिनिटांच्या पायवाटेवर दुर्बीण बांधणारे, आकाशाचा अभ्यास करणारे आणि संगणक घडवणारे लोक असावेत, हा योग पुण्याच्या वाट्याला आला. त्याचे महत्त्व पुणेकरांना पुरेसे उमगले आहे असे मला वाटत नाही.

आयुकाचा स्थापना दिन २९ डिसेंबर १९८८. चार्ल्स कोरिया यांनी रेखाटलेली काळ्या दगडातली वास्तू पूर्ण झाल्यावर २८ डिसेंबर १९९२ रोजी नोबेल विजेते प्रा. एस. चंद्रशेखर यांनी ती राष्ट्राला अर्पण केली. मधल्या चौकातले आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे, फुकोचा लंबक, पायऱ्यापायऱ्यांचे कुंड यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत, तेव्हा त्यांचे वर्णन इथे करत नाही. या लेखाचा विषय भिंतींच्या आतला आहे.

पहिली गोष्ट ग्रंथालय. संस्था नवी होती, तरी ग्रंथालय नव्यासारखे चालणार नव्हते, कारण बाहेरून येणारा प्राध्यापक दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा निबंध शोधायला येणार होता. त्याला लागणाऱ्या जुन्या खंडांची सोय हवी, नवे अंक विमानाने वेळेवर यायला हवेत आणि रात्री उशिरापर्यंत बसायची मुभा हवी. आयुकाने ‘व्हिजिटिंग असोसिएट’ ही योजना आखली ती याच माणसाला नजरेसमोर ठेवून. विद्यापीठातली वा महाविद्यालयातली नोकरी न सोडता शिक्षकाला तीन वर्षांसाठी असोसिएट होता येते. येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च केंद्र करते. बरोबर विद्यार्थ्यालाही आणता येते. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत ही मंडळी येत. एखाद्या महिन्याच्या मुक्कामात वर्षभराच्या वाचनाची बेगमी करायची असल्यामुळे झेरॉक्सच्या यंत्राला उसंत नसे. जाताना प्रत्येकाच्या बॅगेत कपड्यांपेक्षा कागद जड.

अतिथिगृह, ग्रंथालय, संगणकाची खोली आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी तार या चार गोष्टी आयुकाने सुरुवातीपासून एकच सोय मानून उभ्या केल्या, आणि माझ्या मते या संस्थेचे खरे वेगळेपण तिथेच आहे. आपल्याकडे इमारतीचे अनुदान एका शीर्षाखाली, पुस्तकांचे दुसऱ्या, यंत्रांचे तिसऱ्या शीर्षाखाली येते, आणि तिन्हींचे मुहूर्त तीन वेगवेगळ्या वर्षी लागतात. यंत्र येते तेव्हा खोलीत वातानुकूलन नसते. वातानुकूलन येते तेव्हा यंत्राचा हमीकाळ उलटलेला असतो. कितीतरी विभागांत हे घडलेले आपण पाहिले आहे. आयुकात आलेल्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी खोलीची किल्ली, संगणकाचे खाते आणि ग्रंथालयाचा प्रवेश मिळावा, असे बघितले गेले. शिक्षकाची सुटी मोजकी असते. त्यातला आठवडा सह्या गोळा करण्यात गेला तर सगळा खटाटोप व्यर्थ.

आता तारेबद्दल. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शिक्षण व संशोधनाचे जाळे सुरू केले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा आठ जागा होत्या. डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली जुहूच्या सॉफ्टवेअर केंद्राने यात मोठा वाटा उचलला. तिथून अमेरिकेशी जी पहिली भाड्याची ओळ जोडली गेली, तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे तोवरची काही वर्षे अर्नेट हीच देशातल्या संशोधकांची जगाकडे उघडणारी खिडकी होती. पुण्यातले अर्नेटचे केंद्र आयुकात होते. संस्थेच्या जुन्या ई-मेल पत्त्यांत, अगदी संस्थेचे स्वतःचे वेगळे नाव वापरात येईपर्यंत, ‘अर्नेट’ हा शब्द असे.

९,६०० बिट म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याने टिपलेले १,०२४ गुणिले १,०२४ ठिपक्यांचे एक चित्र, प्रत्येक ठिपक्याला १६ बिट धरले, तर सुमारे २ मेगाबाइटचे होते. तेवढे एक चित्र या वेगाने यायला जवळजवळ अर्धा तास लागे, तोही मधे फोनची ओळ तुटली नाही तर. म्हणून चित्रे चुंबकीय फितींवरच येत-जात आणि तारेवरून फक्त मजकूर जाई. पण मजकुराचीच गोष्ट त्या काळात सर्वांत मोलाची ठरली. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी अमेरिकेत लॉस अलामॉस येथे निबंधांच्या पूर्वप्रतींचे संगणकीय भांडार उघडले, तेच पुढे ‘अर्काइव्ह’ म्हणून प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ते चालायचे निव्वळ ई-मेलवर. ठरावीक आज्ञा लिहून पत्र पाठवायचे, उत्तरात निबंध यायचा. टपालाच्या यादीत नाव नसलेल्या विद्यापीठाला हे दार एकाएकी मोकळे झाले. अट एवढीच, की जवळपास कुठेतरी ई-मेल हवा. सुटीत आयुकाला आलेला प्राध्यापक हे शिकून जाई, आणि आपल्या गावी गेल्यावर कुलसचिवांच्या मागे टेलिफोनच्या ओळीसाठी लकडा लावी. विद्यापीठांत जाळे गेले ते अनेक ठिकाणी असे, एकेका चिकाटीच्या माणसाच्या मागणीतून.

मार्च १९९१ मध्ये अनुदान आयोगाने विद्यापीठांची ग्रंथालये एकमेकांना जोडण्याचा एक प्रकल्प हाती घेतला. त्याचे नाव ‘इन्फ्लिबनेट’, आणि तो सुरू झाला आयुकाचा प्रकल्प म्हणून. आज शोधप्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ उघडणाऱ्या किंवा ग्रंथालयात ‘सोल’ ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या हजारो लोकांना याची कल्पना नसते, की या संस्थेची मुळे खगोलशास्त्राच्या केंद्रात आहेत. वरवर पाहता ही जोडी विचित्र वाटेल. पण आयुकाच्या लोकांना ग्रंथालयाच्या गैरसोयीची झळ स्वतः लागलेली होती, आणि जाळ्याची जाण होती. जून १९९६ मध्ये इन्फ्लिबनेट स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र झाले आणि गुजरातेत स्थिरावले. कोणत्या विद्यापीठात कोणते नियतकालिक आहे याच्या एकत्रित याद्या, ग्रंथपालांचे प्रशिक्षण, नोंदणीचे समान नियम अशी मेहनतीची आणि प्रसिद्धीबाहेरची कामे तिथे वर्षानुवर्षे झाली. कॅटलॉग दुरुस्त करणाऱ्या माणसाचे नाव कोणत्याही निबंधात येत नाही, म्हणून निदान या स्मरणिकेत त्या सर्वांचे ऋण नोंदवावेसे वाटते.

पुढचा टप्पा ‘यूजीसी-इन्फोनेट’चा. विद्यापीठांना इंटरनेटची जोडणी द्यायची आणि त्याच जोडणीवरून परदेशी नियतकालिके वाचायला द्यायची, अशी ती दुहेरी योजना. जोडणी अर्नेटने द्यायची, नियतकालिकांचे करार इन्फ्लिबनेटने करायचे. तिच्या उभारणीत केंभावी यांचा पुढाकार होता. त्यातले अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. शंभर ग्रंथालये शंभर ठिकाणी एकच छापील अंक विकत घेतात तेव्हा प्रकाशकाशी घासाघीस करायची ताकद कोणातच नसते. सगळ्यांच्या वतीने एकाने बोलणी केली की दर उतरतात, आणि ज्याने आयुष्यात ते नियतकालिक पाहिले नव्हते अशा विद्यापीठालाही ते मिळते. २००४ पासून निवडक विद्यापीठांत हे नियतकालिक-वाचन सुरू झाले आणि मग वाढत गेले. सुरुवातीला आयुकाच्या ग्रंथालयात येऊन जे वाचावे लागे, त्यातले पुष्कळसे पंधरा-सोळा वर्षांत घरच्या विद्यापीठात वाचता येऊ लागले. आपली गरज कमी व्हावी यासाठी संस्थेने स्वतः झटावे, हे मला फार मोठे वाटते.

मात्र तार विद्यापीठाच्या दारापर्यंत आली म्हणजे विभागात पोहोचली असे झाले नाही. कितीतरी आवारांत जोडणी मुख्य इमारतीतल्या एका कुलूपबंद खोलीत संपत होती. तिथून पदार्थविज्ञान विभागापर्यंतचे चार-पाचशे मीटर कोणी खणायचे, केबल कोणाच्या खात्यातून, रस्ता खोदला तर डांबरीकरण कोण करणार, यावर फायली फिरत. विजेचा प्रश्न वेगळाच. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या छोट्या गावांत दिवसाचे कितीतरी तास यंत्रे बंद राहत आणि यूपीएसच्या बॅटऱ्या वर्षभरात मान टाकत. आणि यंत्र सांभाळायला माणूस नव्हता. प्रणाली सांभाळणाऱ्या अभियंत्याचे पद मंजूर नसल्यामुळे हे काम एखाद्या तरुण अधिव्याख्यात्याच्या गळ्यात पडे, आणि त्याचे संशोधन मागे पडे. आयुकाने विद्यापीठांत छोटी संसाधन केंद्रे काढली: कोची, रायपूर, सिलिगुडी, गोरखपूर, दिल्ली अशा ठिकाणी. त्यांचा रोख नेमका या उणिवेवर होता. संगणक, जोडणी, थोडी पुस्तके, आणि आसपासच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांना बसायला जागा. पुण्याला येणे परवडत नाही अशा विद्यार्थ्याला आपल्याच प्रांतात ही सोय मिळाली.

आंतरराष्ट्रीय ओळ अरुंद होती त्या वर्षांतली आणखी एक सोय सांगायला हवी. खगोलशास्त्रज्ञ रोज ज्या दोन भांडारांवर विसंबतात, ती म्हणजे नासाच्या मदतीने चालणारी निबंधांची सूची ‘एडीएस’ आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गची ताऱ्या-दीर्घिकांच्या तक्त्यांची ‘व्हिझिएर’. या दोन्हींची हुबेहूब प्रत आयुकाच्या यंत्रावर ठेवली गेली. मूळ ठिकाणी जे नवे भरले जाई ते ठरावीक वेळाने आपोआप इकडे उतरे. वाचकाला समुद्रापार जावेच लागत नसे. पडद्यावर एक-एक ओळ उमटण्याची वाट बघणे ज्यांनी अनुभवले, त्यांना पुण्याच्या यंत्रातून झटकन येणाऱ्या उत्तराचे अप्रूप कळेल. या प्रतींच्या देखभालीतून आयुकात विदेची जाण असलेली पिढी घडली. २००२ च्या सुमारास जगभर ‘आभासी वेधशाळे’ची कल्पना रुजली. जगातल्या सर्व दुर्बिणींची निरीक्षणे एकाच पद्धतीने नोंदवायची, म्हणजे कोणालाही कुठूनही ती वापरता येतील. भारताचा त्यातला वाटा आयुका आणि पुण्याचीच पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी यांनी मिळून उचलला. त्यांच्या ‘व्हीओप्लॉट’ या आलेख काढणाऱ्या साधनाची जोड खुद्द स्ट्रासबूर्गच्या व्हिझिएरला दिली गेली. ज्या भांडाराची प्रत आपण घेत होतो, त्याच भांडारात पुण्यात लिहिलेले साधन जाऊन बसले.

संगणकशक्तीची खरी भूक निर्माण केली ती गुरुत्वीय लहरींनी. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकत्र येतात तेव्हा उठणारी लहर पृथ्वीवर पोहोचेपर्यंत इतकी क्षीण असते, की उपकरणाच्या गोंगाटात ती डोळ्यांनी दिसत नाही. मग करायचे काय? लहर कशी असू शकेल याचे नमुने गणिताने आधीच तयार करायचे आणि उपकरणाच्या नोंदीशी एकेक नमुना ताडून पाहायचा. वस्तुमान थोडे बदलले की नमुना बदलतो, म्हणून नमुने हजारोंनी लागतात. ते किती आणि कोणत्या अंतराने निवडावेत, याचा पाया आयुकात डॉ. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली घातला, तेव्हा असा शोध घेणारी मोठी उपकरणे बांधूनही झाली नव्हती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी पहिली लहर टिपली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती बातमी जगाला कळली. त्या शोधाच्या पद्धतीत पुण्याची ही जुनी मेहनत आहे. लायगोच्या नोंदींवर काम करायला आयुकात ‘सारथी’ हा संगणकसमूह उभा आहे, आणि तो वापरणाऱ्यांत विद्यापीठांतले विद्यार्थीही आहेत.

इतर गोष्टी थोडक्यात. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर गिरवली येथे २००६ साली २ मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना आपल्या हाताने निरीक्षण घेता येऊ लागले. सप्टेंबर २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ची विदा वापरायला शिकवणारे साहाय्य केंद्र आयुकात आहे. पु. ल. देशपांडे यांच्या नावे मिळालेल्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ‘पुलस्त्य’ इमारतीतली मुक्तांगण विज्ञान शोधिका शाळकरी मुलांसाठी चालते, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी आवारात मुलांची जी झुंबड उडते ती एकदा तरी बघावी. दक्षिण आफ्रिकेतल्या मोठ्या ‘सॉल्ट’ दुर्बिणीत आयुका भागीदार आहे. तिथली निरीक्षणे इथून मागवता येतात.

२०१० साली राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी मिळाली आणि सेकंदाला अब्जावधी बिट वाहून नेणाऱ्या तारा संस्थांच्या दारी आल्या. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० च्या वर संस्था, आणि अंमलबजावणी इन्फ्लिबनेटकडे. १९९१ साली गणेशखिंडीत लावलेले रोप एवढे वाढले आहे. पहिल्या टप्प्यात ही योजना सरकारी संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांची मोठी संख्या खासगी शिक्षणसंस्थांच्या महाविद्यालयांत शिकते, तेव्हा पुढचा टप्पा लवकर यावा असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. २००३ पर्यंत ते आयुकाचे संचालक होते. त्यानंतर दधिच, केंभावी, सोमक रायचौधुरी आणि आर. श्रीआनंद यांनी ती धुरा घेतली. आता आयुकासमोर सर्वांत मोठे काम आहे ते हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाचे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा रात्रंदिवस नोंदी घेईल. त्या नोंदी साठवणे, जगातल्या इतर वेधशाळांच्या नोंदींशी ताडणे आणि विद्यापीठांना पोहोचवणे यात आयुकाचा मोठा वाटा असणार आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतून विज्ञान शिकणाऱ्या मुलांच्या उंबरठ्यावर हे यंत्र येत आहे. त्यांच्या शिक्षकांना असोसिएट करून घेणे, त्यांच्या प्रयोगशाळांपर्यंत भरवशाची तार आणि तिथे ती सांभाळणारा पगारी अभियंता देणे, ही तयारी वेधशाळेचे बांधकाम चालू असतानाच व्हायला हवी.